अमेरिकेतल्या जुन्या एक सेंटच्या नाण्यांमधली किमती नाणी कशी ओळखायची?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: अमेरिकेतल्या मावशींनी घर आवरताना सेंटांनी भरलेली बरणी तुम्हाला दिली, नाणी साधारण १९१० ते १९८५ मधली आहेत, आणि 'एका पेनीचे लाखो डॉलर' छापाचे व्हिडिओ पाहून तुमचं डोकं गरगरतंय. मी न्यू जर्सीत राहतो आणि ही नाणी जमवतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी, नाणी घासू नका. तांब्याचं भांडं पाहिलं की चिंच-मीठ किंवा पितांबरी घ्यायला आपले हात शिवशिवतात. इथे तो मोह आवरा. घासून चकचकीत केलेलं नाणं जाणकाराला लांबूनच ओळखू येतं आणि त्याची किंमत तिथेच पडते.

आता नाणी उलटी करून बघा. मागे गव्हाच्या दोन ओंब्या असतील तर ते १९०९ ते १९५८ मधलं, लिंकन मेमोरियलची इमारत असेल तर १९५९ किंवा त्यानंतरचं. ओंबीवाली वेगळी काढा, पण हुरळून जाऊ नका. त्यातली बहुतेक काही सेंटांनाच विकली जातात. नुसत्या सालाने काही ठरत नाही. पुढच्या बाजूला, सालाखालचं टाकसाळीचं अक्षर बघा: डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर बहुतेक वेळा फिलाडेल्फिया.

१९०९ चं नाणं निघालं तर मागच्या बाजूला अगदी तळाशी भिंगातून व्ही.डी.बी. ही अक्षरं शोधा. शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची ती आद्याक्षरं. ती फार ठळक दिसतात अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच काढून टाकली गेली. मागे ही अक्षरं आणि पुढच्या बाजूला एस, दोन्ही असलेली नाणी फक्त ४,८४,००० पडली. झिजलेलंसुद्धा कित्येकशे डॉलरला जातं. अक्षरं आहेत पण एस नाही, तर ते फिलाडेल्फियाचं. ते भरपूर आहे.

माझं सगळ्यात आवडतं नाणं १९१४-डी. ती ११,९३,००० पडली. १९३१-एस त्याहून कमी, ८,६६,०००. तरी महाग १९१४-डीच. कारण असं की १९३१ मध्ये आकडा कमी आहे हे कळताच लोकांनी ती नाणी बाजूला ठेवली. १९१४ ची मात्र बाजारात फिरून फिरून झिजली. म्हणून टाकसाळीचा आकडा पाहून भाव ठरवणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका.

आणि १९१४-डीची बनावट नाणीही खूप. १९४४-डीमधला पहिला ४ कोरून त्याचा १ करतात. पकडायचं सोपं आहे. एक, अशा नाण्यात ९ आणि १ मधलं अंतर जरा जास्तच दिसतं. दुसरं, ब्रेनरची आद्याक्षरं १९१८ पासून पुढच्या बाजूला, लिंकनच्या चित्रात खांद्याखाली परत आली. म्हणजे १९१४ च्या नाण्यावर खांद्याखाली व्ही.डी.बी. दिसलं की खेळ खलास.

१९४३ चे राखाडी सेंट म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद. युद्धासाठी तांबं हवं होतं म्हणून तसे काढले. ते अब्जाच्या वर आहेत, त्यामुळे स्वस्तच. त्याच सालचं तांबूस नाणं मात्र खरंच दुर्मीळ. तसली मोजकीच सापडली आहेत. तुमच्याकडचं तांबूस असेल तर आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर पोलादावर कुणीतरी तांबं चढवलंय. नाही चिकटलं तरी सालाचा शेवटचा आकडा भिंगाखाली तपासा, कारण १९४८ चा ८ तासून ३ करणारेही आहेत.

१९५५ च्या नाण्यात साल आणि वरची अक्षरं दुहेरी दिसतात का बघा. नाणं ज्याने ठोकतात त्या साच्यावरच ठसा दोनदा, किंचित वळून बसला होता. खरं असेल तर भिंगाशिवायही डोळ्यांत भरतं आणि वापरलेलंही साधारण हजार डॉलरच्या पुढे जातं. अशीच दुहेरी अक्षरं १९६९-एस आणि १९७२ मध्येही मिळतात. लोक फसतात ते ठोकताना साचा हलल्यामुळे पडणाऱ्या दुहेरीपणात: त्यात अक्षराच्या कडेला सपाट पायरीसारखी पट्टी दिसते. तिला किंमत नाही. साच्यातल्या दुहेरीपणात दोन्ही अक्षरं उठावदार असतात आणि त्यांचे कोपरे दुभंगलेले दिसतात. ऑनलाइन 'दुर्मीळ चूक' म्हणून विकली जाणारी बरीचशी नाणी पायरीवालीच.

१९८२ मध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं जस्त आलं. त्या सालची नाणी सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवा: ३.११ ग्रॅम म्हणजे तांब्याचं, २.५ म्हणजे जस्ताचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियात चलनातले शेवटचे सेंट पाडले, तेव्हापासून 'आता सगळेच महागणार' अशी आवई उठली आहे. घराघरांतल्या बरण्यांत अब्जावधी पडलेत, कसले महागतात!

वरच्यापैकी एखादं खरंच निघालं तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांकडून तपासून घ्या. साध्या नाण्यांसाठी त्या वाटेला जाऊ नका, शुल्कच नाण्याहून जास्त होईल. शंका असलेल्या नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो इथेच टाका, फ्लॅश न मारता, खिडकीच्या उजेडात काढलेले. बघून सांगतो.