डेव्हलपर 'हा बग नाही' म्हणून तक्रार बंद का करतात?

तुम्ही लिहिलंय की मायएसक्यूएल हा डेटाबेस ५.७ वरून ८.० वर नेल्यावर रिपोर्टमधल्या ओळींचा क्रम विस्कटला, तुम्ही बग नोंदवला आणि तो 'नॉट अ बग' एवढ्याच शब्दांत बंद झाला. राग येणारच.

मी महाप्याला डेटाबेस सपोर्टचं काम करतो. ग्राहकाची तक्रार ऐकायची आणि डेव्हलपरला कळेल अशी मांडायची. बोलणी दोन्हीकडून खातो.

आधी तुमचं. ५.७ पर्यंत क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) ग्रुप बाय, म्हणजे ओळींचे गट पाडायला सांगणारा भाग, लिहिला की निकाल बहुतेकदा त्याच क्रमाने लागून यायचा. ८.० मध्ये ते काढून टाकलं. यावर विसंबू नका, असं ५.७ च्या मॅन्युअलमध्ये होतं, पण रिपोर्ट नीट चालू असताना मॅन्युअल उघडतो कोण? क्वेरीच्या शेवटी ऑर्डर बाय, म्हणजे क्रम सांगणारा भाग, घाला, काम झालं. 'बग नाही' म्हणताना डेव्हलपरच्या मनात असतं, 'क्रमाची हमी आम्ही दिलीच नव्हती.' तुम्हाला ऐकू आलं, 'तुम्ही खोटं बोलताय.'

माझ्या हातून झालेला घोळ सांगतो. वाशीच्या एपीएमसीत भाजीच्या एका गाळ्यावरच्या मेहताजींचा फोन आला, "साहेब, तुमचं सॉफ्टवेअर पट्ट्या खातंय." पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद. मी तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, लिहिलं, 'डेटा गहाळ'. झालं! टीमने बॅकअप काढले, लॉग चाळले आणि दोन दिवसांनी कळवलं की सगळ्या पट्ट्या जागेवर आहेत, आमच्याकडे असं काही होत नाही. हे मेहताजींना सांगितलं तर म्हणाले, "मग मी काय झोपेत पट्ट्या करतो?"

शेवटी एका पहाटे मीच गेलो. चारचा सुमार, टेम्पो रिकामे होत होते. मेहताजींनी फ्लॉवरची पट्टी केली आणि 'आजच्या पट्ट्या' उघडलं, तर रिकामं. 'कालच्या'मध्ये पाहिलं, तर पट्टी तिथे बसलेली! साडेपाच वाजून गेल्यावर केलेली पट्टी मात्र बरोबर आजच्यात पडली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होता आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्या पहाटे चारला तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा. पोस्टग्रेसने, म्हणजे तिथल्या डेटाबेसने, वेळ अचूकच ठेवली होती, पण तारीख काढताना सेशनचा (डेटाबेसशी झालेल्या जोडणीचा) टाइमझोन यूटीसी होता. डेव्हलपर सकाळी अकराला चहा पिऊन तपासायला बसणार, त्याला हे दिसणार कसं? आणि पट्टी किती वाजता केली, हे मेहताजींना कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. टाइमझोन एशिया/कोलकाता केला, एका ओळीचं काम.

तेव्हापासून 'डेटा उडाला', 'इंडेक्स बिघडला' असलं निदान मी तिकिटात लिहीत नाही. काय केलं, किती वाजता, काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं, एवढंच. सोबत टेबल बनवायची कमांड आणि पाचेक ओळींचा डेटा, म्हणजे समोरच्याला तेच स्वतःच्या मशीनवर करून बघता येतं. एररचा फोटो नको, मजकूर कॉपी करा. व्हर्जन शेवटच्या आकड्यापर्यंत लिहा. नुसतं ८.० पुरत नाही: चेक कन्स्ट्रेंटची, म्हणजे कॉलममध्ये कुठली किंमत चालेल याची, अट मायएसक्यूएल ८.०.१५ पर्यंत निमूट ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं, पाळायला लागलं ८.०.१६ पासून. (डेव्हलपर मंडळींनीही 'नॉट अ बग'पुढे कारणाची एक ओळ लिहिली तर बोटं झिजत नाहीत.)

ऑर्डर बाय घालूनही क्रम चुकला तर क्वेरी इथेच टाका. मराठी नावं लावत असाल तर कॉलमचं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) कुठलं आहे, तेही लिहा.