सशाचे लहान पिल्लू आजारी आहे की केवळ बुजले आहे, हे कसे ओळखावे?

तुम्ही विचारले आहे की सुमारे दोन महिन्यांचे सशाचे पिल्लू नुकतेच घरी आणले, आल्यावर ते नीट खात होते, परंतु कालपासून कोपऱ्यात बसून आहे, गवताला तोंड लावत नाही आणि लेंड्याही कमी दिसतात. मग हे नव्या जागेचे बुजणे समजून आणखी एक-दोन दिवस थांबावे का? मी पशुवैद्य नाही, बरीच वर्षे ससे पाळत आलो आहे. पण या प्रश्नाचे उत्तर मी बेधडक देईन. थांबू नका, आजच दाखवा.

बुजलेले आणि आजारी पिल्लू यांतला फरक बसण्यावरून कळत नाही, कारण दोन्ही कोपऱ्यातच बसतात. तो खाण्यावरून कळतो. बुजलेले पिल्लू माणूस समोर असेपर्यंत हलत नाही, परंतु खोली शांत झाली की, विशेषतः तिन्हीसांजेला आणि पहाटे, बाहेर येऊन गवत खाते, आणि सकाळी पाहावे तर गवताचा ढीग कमी झालेला व लेंड्या पडलेल्या असतात. रात्रभर कोणी त्रास दिला नाही, तरीही गवत जसेच्या तसे आहे आणि लेंड्या नाहीत किंवा नेहमीपेक्षा बारीक व मोजक्याच आहेत, तर त्याला बुजणे म्हणता येत नाही. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. दुखणे लपवणे त्याच्या स्वभावातच आहे, त्यामुळे ते आपल्याला दिसू लागते तेव्हा बहुतेक वेळा बराच उशीर झालेला असतो.

खाणे थांबण्याला सशाच्या बाबतीत इतके महत्त्व का, तेही सांगतो. त्याच्या आतड्याची हालचाल तंतुमय अन्न सतत पुढे सरकत राहण्यावर अवलंबून असते. गवत आत जाणे थांबले की ही हालचाल मंदावते, वायू साठतो, पोट दुखते, आणि दुखते म्हणून ससा आणखी खात नाही. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे साठलेले बाहेर पडण्याचा तोही मार्ग नाही. मोठ्या सशाने 12 तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची स्थिती मानतात. लहान पिल्लाच्या अंगात साठा त्याहून कमी असल्याने मी तेवढाही वेळ देणार नाही.

लेंड्यांकडे जरा बारकाईने पाहा. निरोगी लेंडी गोल, कोरडी, साधारण एकसारख्या आकाराची असते आणि मोडली तर आत गवताचे तुकडे दिसतात. याखेरीज ससा द्राक्षाच्या घोसासारखी मऊ, चकचकीत, उग्र वासाची विष्ठाही टाकतो आणि ती थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. हे पाहून नवे पालक घाबरतात, परंतु ते त्याच्या पचनाचाच भाग आहे. असे घोस न खाता जमिनीवर वारंवार पडलेले दिसू लागले, तर मात्र बहुधा आहारात काही चुकते आहे, म्हणजे दाणे वा गोड पदार्थ जास्त आणि गवत कमी. क्वचित पिल्लाला वाकताच येत नसते. खरा जुलाब वेगळाच असतो: पाण्यासारखा, आकारहीन, मागचे पाय आणि शेपटी माखलेली, कधी नुसता शेंबडासारखा चिकट पदार्थ पडतो. आईच्या दुधापासून नुकत्याच तुटलेल्या पिल्लाला असा जुलाब झाला, तर तो एका दिवसाच्या आत जीव घेऊ शकतो. या वयात दुधाचे संरक्षण संपलेले असते आणि आतड्यातील उपयुक्त जंतूंची घडी पुरती बसलेली नसते. त्यातच जागा आणि आहार एकदम बदलला की कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवींना किंवा घातक जिवाणूंना मोकळे रान मिळते. फार लवकर, म्हणजे सहा आठवड्यांच्याही आधी, आईपासून दूर केलेली पिल्ले यात अधिक सापडतात. तुमचे पिल्लू नेमके किती दिवसांचे आहे, हे देणाऱ्याला पुन्हा विचारून घ्या.

वेदना ओळखण्याची खूण म्हणजे बसण्याची ढब. पाठ कमानीसारखी उंचावून, डोळे अर्धवट मिटून, पोट जमिनीशी दाबत जागा बदलत राहणारा ससा दुखण्यात असतो. करकर ऐकू येईल असे दात खाणे हीदेखील वेदनेचीच खूण आहे. कुरवाळताना जबड्यात जाणवणारी हलकी थरथर मात्र समाधानाची असते, आणि दोन्ही एकदा अनुभवल्यावर त्यांत गल्लत होत नाही. सशाचे सर्वसाधारण तापमान 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असते. ते 38 च्या खाली जाणे ज्वराइतकेच, किंबहुना त्याहूनही चिंताजनक. म्हणून खोली गार नसताना कान थंडगार लागले आणि पिल्लू मलूल असेल, तर तास मोजत बसू नका. थर्मामीटर लावण्याचा प्रयोग कोणी शिकवलेला नसताना करू नये, कारण घाबरून मारलेल्या लाथेने सशाचा स्वतःचाच कणा मोडू शकतो.

श्वास ते झोपलेले असताना मोजा. विश्रांतीत मिनिटाला 30 ते 60 हा आकडा ठीक आहे. ससा नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे तोंड उघडून घेतलेला श्वास म्हणजे जिवावरचे संकट. वाहणारे नाक तो पुढच्या पायांनी पुसत राहतो. म्हणून नाक कोरडे दिसले तरी पंजांची आतली बाजू पाहावी, तिथले केस चिकटलेले असतात. मान एका बाजूला कललेली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पिल्लू खाण्यापाशी येते, तोंडात घेते आणि टाकून देते, हनुवटी लाळेने ओली आहे, असे असेल तर दातांचा संशय घ्या. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पटाशीचे दात तर आठवड्याला सुमारे 2 ते 3 मिलिमीटर. ते एकमेकांवर नीट बसले नाहीत तर झिजत नाहीत. कानाच्या, नाकाच्या किंवा बोटांच्या कडेला खपल्या दिसल्या तर ती बहुधा खरूज असते. तिच्यावर उपचार सोपा आहे, परंतु कुत्र्या-मांजरांच्या पिसवा-गोचिडांवरचे फिप्रोनिल असलेले औषध सशाला कधीही लावू नये. ते त्याच्यासाठी विषारी आहे.

काही गोष्टी उगाच घाबरवतात. नारिंगी किंवा तांबूस मूत्र बहुतेक वेळा अन्नातील रंगद्रव्यामुळे येते, पांढरट गढूळ मूत्र कॅल्शियममुळे. धाडकन आडवे पडून निपचित झोपणे हे तर निर्धास्तपणाचे लक्षण आहे.

दवाखान्यात निघेपर्यंत पिल्लाला उबेत ठेवा. टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एका बाजूला असावी, म्हणजे त्याला नको वाटल्यास दूर सरकता येईल. पाणी आणि गवत समोर राहू द्या. पोट फुगून ताठ झाले असेल किंवा पिल्लाने मान टाकली असेल, तर तोंडात जबरदस्तीने काही घालू नका. घरातील कोणतेही औषध देऊ नका. विशेषतः तोंडाने दिलेले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) सशाच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मारून त्याचा बळी घेऊ शकते. जाण्याआधी फोन करून तिथे ससे तपासतात का, हे विचारा, कारण प्रत्येक पशुवैद्याला सशांचा सराव नसतो. उपाशीपोटी आणायला सांगितले, तर ससा उलटी करत नाही, त्याला उपाशी ठेवत नाहीत, हे नम्रपणे लक्षात आणून द्या. ताज्या लेंड्या झाकणाच्या डबीत सोबत न्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सिडिया शोधता येतील. आणि पहिल्या घरी ते काय खात होते व तुमच्याकडे काय खाते, हे कागदावर लिहून घ्या. स्वयंपाकघरातील काट्यावर आजच वजनही करून ठेवा, कारण पशुवैद्य औषधाची मात्रा त्यावरच ठरवतील आणि पुढचे काही दिवस ते वाढते आहे की नाही, हेही त्यावरूनच कळेल.