नाशिकच्या अंबडला आमचं १२ माणसांचं छोटं वर्कशॉप आहे, तिथलं कामगारांचं ट्रेनिंग सीएसआरमध्ये (कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च) धरता येतं का?

नाही धरता येत. आणि अंबडला १२ माणसांचं वर्कशॉप म्हणताय तर मुळात तुम्हाला सीएसआर लागूच होणार नाही बहुतेक. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ बघा, नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी किंवा टर्नओव्हर (वर्षाची उलाढाल) १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी बसलं तरच मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात, आणि त्यातही फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचा खर्च चालत नाही. तो सरळ धंद्याचा खर्च म्हणून दाखवा, सीएला विचारून.

पण म्हणून ट्रेनिंग सोडू नका राव. आमचं सातपूरला छोटं प्रेस शॉप (पत्रा दाबून पार्ट बनवायचं वर्कशॉप) आहे, सुरुवातीला "शिकेल बघून बघून" म्हणून नवीन पोरगा डायरेक्ट मशीनवर उभा केला, आठवडाभर नुसता स्क्रॅप! आता जुना ऑपरेटर रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी अर्धा तास ड्रॉइंग वाचणं, व्हर्नियरने (बारीक माप घ्यायचं साधन) मोजणं, मशीन बंद करून मगच हात घालणं एवढंच शिकवतो, त्याला त्याचे वेगळे पैसे देतो (हे महत्त्वाचं, नाहीतर तो मनापासून शिकवत नाही).

आयटीआयची पोरं अप्रेंटिस (शिकाऊ कामगार) म्हणून घ्या. ४ ते २९ माणसं असतील तर सक्ती नाही पण घेता येतात, आणि नॅप्स (सरकारची अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना) मध्ये स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार थेट पोराच्या खात्यात टाकतं.