सहा जण दिसले, तरी 'दरोडा' का नाही?

प्रश्न असा आहे : सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत मावसभावाचं चादरींचं गोदाम आहे. रात्री कुलूप तोडून माल नेला, सीसीटीव्हीत सहा जण दिसतात. घरात सगळे 'दरोडा पडला' म्हणतायत, पण फिर्यादीत 'घरफोडी' लिहिलंय. गुन्हा हलका केला का? आणि गोदामाची 'घरफोडी' कशी?

आधी दुसरा प्रश्न, कारण मला तो जास्त आवडला. कायद्यातलं घर आपल्या घरापेक्षा बरंच मोठं आहे. माणूस राहतो ती इमारत, तंबू किंवा नौका, देवपूजेची जागा आणि माल ठेवायची जागा, हे सगळं त्यात येतं. म्हणजे सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत दुकानदार ज्या राहुटीत झोपतो तीही घरच, आणि तुमच्या भावाचं गोदामही. 'फोडी'साठी भिंतीला भगदाड पडावं लागत नाही. आत शिरण्यासाठी कुलूप उघडलं तरी पुरे. मराठीनं हे आधीच ओळखलं होतं. आपण 'दुकान फोडलं', 'एटीएम फोडलं' असं सहज म्हणतो. 'अमक्यानं घर फोडलं' म्हटलं तर मात्र भावाभावांत वाटण्या झाल्याचं डोळ्यांपुढे येतं. 'घरफोडी झाली' म्हटलं की चोरच आठवतात. एकाच जोडीच्या शब्दांनी असे वेगळे संसार थाटलेले पाहिले की मला भाषेचं फार कौतुक वाटतं.

आता दरोडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१० मध्ये आहे. जुन्या दंड संहितेत ३९१ आणि ३९५ होतं. त्याला दोन गोष्टी लागतात : माणसं किमान पाच, आणि कृत्य जबरी चोरीचं किंवा तिच्या प्रयत्नाचं. जबरी चोरी म्हणजे माल नेताना समोरच्याला इजा करणं, अडवून ठेवणं किंवा तत्काळ तसं करण्याची भीती घालणं. चौघांनी सुरा दाखवून पाकीट घेतलं तर जबरी चोरी, तेच पाचांनी केलं तर दरोडा. पण सहा जण रिकाम्या गोदामात शिरले आणि कुणाशीच गाठ पडली नाही, तर सहा असूनही तो दरोडा नाही. दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शब्द इतका जड असल्यामुळे तो जपून वापरलेला मला योग्यच वाटतो. 'दरोड्याच्या तयारीत' ही बातम्यांतली ठरलेली शब्दजोडीही कायद्यातूनच आली आहे, कारण दरोड्याची नुसती तयारी हाही गुन्हा आहे.

माल किती लाखांचा, यावर गुन्ह्याचं नाव ठरत नाही. वस्तू हातातून गेली कशी, हे पाहिलं जातं. (किंमत शिक्षेच्या वेळी कधी उपयोगी पडते : पाच हजारांहून कमी मोलाची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत केली, तर समाजसेवेची शिक्षा.) विणायला दिलेलं सूत कारागिरानं परस्पर विकलं तर लोक 'सूत चोरलं' म्हणतात, पण ते तुम्हीच विश्वासानं त्याच्या ताब्यात दिलं होतं, म्हणून तो अपहार, कायद्याच्या भाषेत न्यासभंग. चोरीत वस्तू ताबेदाराच्या संमतीवाचून हलवावी लागते. खंडणीत तर भीतीपोटी आपणच आपल्या हातानं देतो. एके काळी राजे एकमेकांकडून वसूल करत तो हा मानाचा शब्द. आज व्यापाऱ्याला फोनवर धमकावणाऱ्याच्या वाट्याला आला आहे. सरकारी मराठीत यासाठी 'बलाद्ग्रहण' आहे, पण इथल्या चाटी गल्लीच्या बाजारात तो शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. 'खंडणी'च राहू द्यावी.

तेव्हा पोलिसांनी लिहिलं ते तुम्ही सांगितलेल्या हकिकतीला धरून आहे. फक्त एक विचारून घ्या : त्या रात्री गोदामावर रखवालदार होता का, आणि त्याला कुणी बांधलं, मारलं किंवा धमकावलं का? तसं झालं असेल तर ते पुरवणी जबाबात नोंदवायला सांगा. मग तुमच्या घरच्यांचा 'दरोडा' बरोबर ठरेल.