मंगळवार-शनिवारचा खांदा

प्रश्न : मी रेडिऑलॉजिस्ट, वय 43. आठवड्यातले चार दिवस सावंतवाडीला आणि मंगळवार-शनिवार कुडाळला सोनोग्राफी करते. दोन महिने उजवा खांदा दुखतोय, केस विंचरताना हात वर जात नाही. कुडाळच्या दिवशी जास्तच. तिथलं टेबल जुनं, उंच, खालीवर न होणारं. पण मला संशय स्कूटरचा येतो. इंजेक्शन घेऊ का?

उत्तर : डॉक्टर, स्कूटर तर तुम्ही रोजच चालवत असाल. मग खांदा वार बघून कसा दुखेल? माझा संशय त्या टेबलावर.

पेशंट टेबलाच्या मधोमध, तुम्ही कडेला. कोपर अंगापासून लांब, हात हवेत आणि वरून प्रोब (पेशंटच्या अंगावर फिरवायचा सोनोग्राफीचा दांडा) दाबायचा. खांदा बाजूला 30 अंशांच्या वर उघडून तसाच राहिला की स्नायू आवळलेलेच राहतात, त्यांना रक्त पुरत नाही. आमच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारे बघा. दोर अंगाशी धरतात, अख्खं शरीर मागे टाकतात. नुसत्या लांबवलेल्या हातावर ओढलं असतं, तर दोन दिवसांत घरी बसले असते.

तेव्हा आधी पेशंटला अगदी तुमच्या कडेपर्यंत बोलवा. "वायंच हकडे सरक गो" म्हणायला संकोच कसला! टेबल खाली येत नसेल तर तुम्ही वर चढा: उंच स्टूल, पायाखाली पाट. कोपराखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी. प्रोबची केबल लोंबकळू देऊ नका, तिचं वजन मनगट उचलतं. जेलने बरबटलेला ग्लोव्ह बदला. प्रोब निसटू लागला की बोटं नकळत दुप्पट आवळतात. आणि गर्भवतीची तपासणी संपताच त्याच हाताने फॉर्म एफ, म्हणजे त्या तपासणीचा कायद्याने भरावा लागणारा फॉर्म, लिहायला बसता ना? त्याआधी अर्धा मिनिट हात खाली सोडून बोटं मोकळी करा. (त्या फॉर्मबद्दल रेडिऑलॉजिस्ट मंडळी काय काय बोलतात, ते इथे छापता येणार नाही.)

इंजेक्शनची घाई नको, पण एक शंका आहेच. घरी कुणालातरी तुमचा हात हळूच वर उचलायला सांगा, तुम्ही जोर लावू नका. तरीही तो अडला तर हा फ्रोजन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांद्याचा सांधा, असू शकतो, मग नुसतं टेबल बदलून भागणार नाही. मधुमेहात तो जास्त आढळतो, म्हणून साखर तपासा आणि ऑर्थोपेडिकला दाखवा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सुटत असेल, तर याच आठवड्यात.