पणजोबांचे मृत्युपत्र कुठे सापडेल?

घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या खानदेशातील वाचकांची पत्रे गेले काही महिने सातत्याने येत आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी आडनावांप्रमाणे लावलेली जुनी मृत्युपत्रे असलेली एखादी खोली असते, असा समज त्यांतील बहुतेकांत आढळतो. अशी खोली कुठेही नाही. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

पणजोबांचे मृत्युपत्र ऑनलाइन शोधले, पण मिळाले नाही. म्हणजे ते झालेच नव्हते का? (अमळनेर)

असा निष्कर्ष काढू नये. ऑनलाइन शोधात खरेदीखत, गहाणखत यांसारख्या दस्तांची सूची क्रमांक २ दिसते, तीही अलीकडच्या वर्षांची. मृत्युपत्रे पुस्तक क्रमांक ३ मध्ये नोंदवली जातात आणि १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे त्यातील शोध फक्त नोंदणी अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. मृत्युपत्र करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत नक्कल तिला किंवा तिच्या प्रतिनिधीलाच मिळते. तिच्या मृत्यूनंतर मात्र कोणीही अर्ज करू शकतो. त्यामुळे मृत्यूचा पुरावा आधी जमवावा. जुना दाखला नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो ती जन्म-मृत्यूची नोंदवही, पाहावी. त्यातून मृत्यूचे वर्षही कळते आणि दुय्यम निबंधकांकडील, म्हणजे तालुक्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडील, अर्जात ‘सुमारे अमुक वर्ष’ असे मोघम लिहावे लागत नाही. अर्ज करण्यापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयात कागदपत्रांची चौकशी करून घ्यावी.

आमचे गाव आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. शोध तिथेच घ्यावा का? (शहादा)

सुरुवात तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयातून करावी. जिल्हा पातळीवरच्या कागदांसाठी मात्र आजचा नकाशा बाजूला ठेवून मृत्यूचे वर्ष पाहावे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधीचे कागद धुळ्याला विचारावेत. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे होण्यापूर्वी संपूर्ण खानदेशाचे मुख्यालय धुळेच होते, हे जळगावकडच्या वाचकांनीही लक्षात ठेवावे.

पणजोबांची पुष्कळ वडिलोपार्जित जमीन होती, तरी मृत्युपत्र नाही. ते लपवले गेले, असे भाऊबंद म्हणतात. (यावल)

भाऊबंदांचे म्हणणे हा पुरावा नव्हे. हिंदू एकत्र कुटुंबातील सहदायादाला, म्हणजे जन्मानेच हिस्सा मिळणाऱ्या सदस्याला, वडिलोपार्जित मिळकतीतील आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नव्हता. ती मुभा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३० ने मिळाली. पणजोबा त्यापूर्वी वारले असतील, तर मृत्युपत्र नसणे स्वाभाविक आहे. जुन्या सातबारावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिले आहे का, ते पाहावे. त्याचा अर्थ ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ असा आहे. त्यानंतर गाव नमुना ६ मधील वारसाचे फेरफार, नोंदलेले वाटणीपत्र, दत्तकपत्र आणि १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचे वारस प्रमाणपत्राचे न्यायालयीन कागद या क्रमाने शोध घ्यावा. मृत्युपत्रातून जेवढी नाती कळतात, त्याहून अधिक अनेकदा यांतून कळतात. मनात हिश्श्याचा प्रश्न असेल, तर दिवाणी वकिलांचा सल्ला घेतल्याखेरीज घरात शब्दही काढू नये.

नोंदणी नसलेले जुने मृत्युपत्र रद्द समजावे का? (एरंडोल)

नाही; मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. खानदेशात हिंदूने १ जानेवारी १९२७ पूर्वी केलेल्या मृत्युपत्राला दोन साक्षीदारांची अटही लागू नव्हती. कायदेशीर परिणाम वकिलांना विचारावेत.

माळ्यावर मोडीतील कागद सापडले. झेरॉक्सवाला लॅमिनेशन करा म्हणतो, तर एक एजंट ठोक रक्कम घेऊन ‘सगळा अर्थ’ काढून देतो म्हणतो. काय करावे? (पारोळा)

दोघांनाही नकार द्यावा. या प्रश्नाचे उत्तर लांबले तरी वाचकांनी ते पूर्ण वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लॅमिनेशनमध्ये तापलेले प्लॅस्टिक कागदाला कायमचे चिकटते आणि कागदाला इजा न करता ते पुन्हा सोडवणे जवळजवळ अशक्य असते. माझ्यासमोर आलेल्या एका मृत्युपत्राच्या कडा पाकिटात बसाव्यात म्हणून कात्रीने कापल्या होत्या आणि साक्षीदारांची नावे नेमकी डाव्या समासात होती. ‘निशाणी’ हा शब्द आणि अंगठ्याचा अर्धा ठसा एवढेच उरले होते. सेलोटेपही तितकीच घातक आहे, कारण काही वर्षांत ती तपकिरी होते, तिचा डिंक कागदात उतरतो आणि खालची अक्षरे वाचता येत नाहीत.

घडीवर तडकलेला कागद बळाने उलगडू नये. सावलीत, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत; पाठीमागचे शेरे, शिक्के आणि मुद्रांकाचा मजकूर सोडू नये. पूर्वीची दप्तरे रुमालात बांधलेली असत, तसे स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात कागद गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावेत. धाब्याच्या घरातल्या कोनाड्यात किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ते परत ठेवू नयेत. ‘दिवाळीनंतर बघू’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की गळक्या धाब्याखाली एक पावसाळा पुरेसा असतो आणि वाळवी दिवाळीची वाट पाहत नाही.

आता एजंटाविषयी. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध वाढला, तशी मोडी वाचणाऱ्यांची मागणीही वाढली, आणि प्रामाणिक जाणकारांच्या आडून ठोक भाव सांगणारेही आले. कागद न पाहता रक्कम सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ओळीला ओळ देवनागरी लिप्यंतर मागावे, नुसता सारांश घेऊ नये. न लागलेला शब्द रिकामा सोडणारा वाचक अंदाजाने जागा भरणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला. मूळ कागद घराबाहेर जाऊ देऊ नये, छायाचित्रांवरून काम होते. धुळ्यात १९२७ मध्ये स्थापन झालेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. तेथे किंवा पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीकडे आधी विचारणा करावी.

मृत्युपत्रात पणजीच्या नावापुढे ‘कोम’ आहे. ते तिचे माहेरचे आडनाव का? (चोपडा)

नाही. ‘कोम’ म्हणजे पत्नी; त्यापुढचे नाव पतीचे असते, जसे ‘बिन’च्या पुढचे नाव वडिलांचे. माहेरचा शोध या शब्दावरून लागणार नाही, आणि कागद मोडीत असेल तर हा शब्दसुद्धा जाणकाराकडून आधी पक्का करून घ्यावा.