मुलांचे नाव, मुलांच्या हाती

वाचकांचे प्रश्न : पालकत्व

या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती : मोबाइलवर मुलांची जी ओळख तयार होते, ती सांभाळायची कोणी आणि कशी. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिचे इन्स्टाग्रामवर एक खाते आहे हे आम्हाला माहीत होते. परंतु तिने दुसरेही एक खाते उघडले आहे, त्याला ती ‘स्पॅम’ म्हणते आणि त्यावर फक्त तिच्या दहा-बारा मैत्रिणी आहेत, हे शाळेतून फोन आल्यावर कळले. त्या खात्यावर तिने वर्गशिक्षिकांच्या बोलण्याची आणि साड्यांची टिंगल केली होती. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला, तो वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावणे आले. मुलगी आता शाळेत जायला तयार नाही. तिचे बाबा म्हणतात, फोन काढून घ्यायचा आणि दहावी होईपर्यंत द्यायचा नाही. काय करावे?
– एक आई, मुलुंड

उत्तर : फोन काढून घेण्याचा निर्णय कृपया आज घेऊ नका. चुकीकडे काणाडोळा करावा असे मला म्हणायचे नाही. पण वर्गातल्या सगळ्या आईवडिलांनी आपले बोलणे वाचले आहे, हे ठाऊक असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला शिक्षा केव्हाच मिळून चुकली आहे. त्यावर फोनही गेला, तर तिच्या मनात एकच धडा पक्का होईल, की पुढच्या वेळी घरी काही कळता कामा नये. उद्या कोणी तिच्या एखाद्या फोटोवरून तिला धमकावू लागले आणि फोन जाईल या भीतीने ती तुमच्याकडे आलीच नाही, तर त्या संकटापुढे आजचे संकट फारच लहान आहे.

दुसरे खाते असणे हे लबाडीचे लक्षण समजू नका. ओसरीवर पाहुण्यांशी आपण जसे बोलतो तसे माजघरात बोलत नाही, आणि माजघराची गरज या वयात फार असते. अडचण अशी आहे, की फोनमधल्या माजघराला भिंती नसतात. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली आणि २०२५ मध्ये ती भारतात आली. त्यांत अठरा वर्षांखालील मुलांचे खाते आपोआप खासगी होते आणि सोळा वर्षांखालील मुलाला बंधने सैल करायची असतील तर पालकांची परवानगी लागते. सोय चांगली आहे, ती जरूर वापरा. पण मैत्रिणीला स्क्रीनशॉट काढण्यापासून ती अडवू शकत नाही. म्हणून ‘मैत्रिणींवर विश्वास ठेवू नकोस’ असे सांगण्यापेक्षा, लिहिलेला शब्द प्रसंगापासून तुटून एकटाच फिरतो, हे तिला याच प्रसंगातून दाखवा. दहा जणींना जी थट्टा वाटली, तीच पालकांच्या ग्रुपवर उद्धटपणा ठरली, आणि शब्द तर दोन्हीकडे तेच होते.

शिक्षिकांची माफी तिने समोर जाऊन मागावी. तुम्ही सोबत जा, पण बोलू द्या तिलाच. ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर’ अशी सुरुवात करू नये. काय लिहिले होते आणि ते का चुकीचे होते, एवढे तिने स्वतःच्या शब्दांत सांगावे. शिक्षिकांनाही एक नाव आहे, वर्षानुवर्षे वर्गात उभे राहून त्यांनी ते कमावलेले आहे आणि आपल्यामुळे चारचौघांत त्याची चेष्टा झाली, ही जाणीव तिला या भेटीतच होईल. ती झाली, तर स्वतःच्या नावाची काळजी घ्यायला ती आपोआप शिकू लागेल.

पालकांच्या ग्रुपबद्दलही मला बोललेच पाहिजे. मुलीने दहा जणींना जे सांगितले, ते सगळ्या पालकांपर्यंत मोठ्या माणसांनी नेले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधला कोणत्याही सदस्याचा संदेश ॲडमिनला सर्वांसाठी काढून टाकता येतो. त्यांना तशी स्पष्ट विनंती करा आणि ज्यांनी तो फोनमध्ये जपून ठेवला असेल त्यांनीही काढून टाकावा असे लिहा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मुद्दाम मुलांचा उल्लेख केला होता. बालपणीच्या चुकांचे आणि भोळेपणाचे परिणाम मुलांना जन्मभर भोगावे लागू नयेत, असा त्याचा आशय आहे. २०१५ चा बाल न्याय अधिनियम तर गुन्हा केलेल्या मुलाची नोंदसुद्धा, काही गंभीर अपवाद सोडता, ठरावीक काळानंतर नष्ट करायला सांगतो. कायदा जिथे गुन्ह्याची नोंद पुसायला तयार आहे, तिथे आपण एका मुलीची थट्टा फोनमध्ये जपून ठेवावी, हे मला अजिबात पटत नाही.

हे सगळे निवळले, की एक घरगुती प्रथा सुरू करा. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत एकदा दोघींनी शेजारी बसून, कोणत्याही खात्यात लॉगिन न करता, तिचे नाव मराठीत आणि इंग्रजीत शोधून पाहा. नुसते नाव, मग शाळेच्या नावासह. नंतर तिनेच तुम्हाला तिचे खाते दाखवावे आणि फोन तिच्याच हातात राहावा. फॉलोअर्समध्ये न ओळखणारे कोण आहेत, इतरांनी कोणत्या फोटोंत टॅग केले आहे, गणवेशावरचे बोधचिन्ह, आयकार्ड, इमारतीची पाटी किंवा रोजचे स्टेशन कुठे दिसते का, हे ती स्वतःच सांगू लागेल. मुंबईत रोज त्याच वेळी त्याच स्टेशनवर उभी राहणारी मुलगी शोधायला दोन फोटो पुरतात. त्याच बैठकीत तुमचेही खाते तिला पाहू द्या.

प्रश्न : माझा मुलगा जन्मल्यापासून मी त्याच्या नावाने एक पान चालवते. पहिले पाऊल, जावळ, शाळेचा पहिला दिवस, सगळे त्यावर आहे. परदेशातल्या नातेवाइकांनाही ते फार आवडते. आता अकरा वर्षांचा मुलगा म्हणतो, की ते बंद कर, मुले मला हसतात. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराचे काय ऐकायचे. मला मात्र वाईट वाटते आहे.
– एक आई, बोरिवली

उत्तर : त्याचे ऐका. तुम्ही ते प्रेमाने केले याबद्दल मला शंका नाही आणि अकरा वर्षांची मेहनत बाजूला ठेवताना वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पण बारशाला आत्याने त्याच्या कानात जे नाव सांगितले ते त्याचे आहे. आपल्या भाषेत बाळाचे नाव ठेवतात आणि माणसाला नावे ठेवतात. पहिले काम घरच्यांचे, दुसरे बाहेरच्यांचे, आणि बाहेरच्यांना त्यासाठी सामग्री आपल्या हातून जाऊ नये एवढीच तुमच्या मुलाची मागणी आहे. आंघोळीचे, रडण्याचे, आजारपणातले फोटो सहावीतल्या मुलाला वर्गात कसे जड जातात, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला मूल मानले आहे आणि मुलांची माहिती हाताळणाऱ्या कंपन्यांवर पालकांची संमती घेण्याचे बंधन घातले आहे. मात्र व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो कायदा लागू होत नाही. याचा अर्थ, कंपनी तुम्हाला विचारील; तुमच्या मुलाला विचारण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करणार नाही. तो विचार तुम्हालाच करावा लागेल, आणि मुलाकडून आपण ज्या संयमाची अपेक्षा करतो, त्याची सुरुवात मला येथेच दिसते. ज्याचा फोटो त्याला न विचारता आजवर जगाला दाखवला गेला, तो मुलगा उद्या मित्राचा फोटो टाकताना मित्राला विचारणार नाही.

आधी सगळे फोटो आणि चित्रफिती स्वतःकडे उतरवून घ्या, त्यांतले निवडक छापून एक अल्बम करा आणि मग पान बंद करा. काय ठेवायचे ते दोघांनी मिळून ठरवा. गूगलच्या शोधात काही फोटो तरीही दिसत राहिले, तर अठरा वर्षांखालील मुलाचे फोटो शोधनिकालांतून काढण्याची विनंती स्वतः मूल किंवा पालक करू शकतात. ही सोय २०२१ पासून आहे. त्यामुळे मूळ संकेतस्थळावरचा फोटो मात्र जात नाही, तो तिथूनच काढावा लागतो. सासूबाईंसाठी घरच्यांचा एक छोटा ग्रुप पुरेसा आहे, तोही मुलाची हरकत नसेल तर.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीचा फोटो आणि नाव वापरून कोणीतरी खाते उघडले आहे आणि तिच्या मैत्रिणींना घाणेरडे संदेश पाठवले जात आहेत. पोलिसांत जावे का?
– एक वडील, परळ

उत्तर : हो, जावे. पण त्याआधी खात्याचे नाव, दुवा, संदेश आणि तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कारण खाते बंद झाले की पुरावाही जातो. त्या खात्याशी वाद घालू नका. ॲपमध्ये ‘माझी ओळख वापरली जात आहे’ या कारणाखाली तक्रार करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा तोतयेगिरीच्या आणि बनावट छायाचित्रांच्या तक्रारीवर कंपनीला झटपट कारवाई करावी लागते, मूळ नियमांत ती मुदत २४ तासांची होती. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची कलमे ६६-सी आणि ६६-डी ओळख चोरण्याविषयी आणि तोतयेगिरीने फसवण्याविषयी आहेत. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा थेट पोलीस ठाण्यात जा. मुलीला आधाराची गरज वाटली तर १०९८ ही बालकांची मदतवाहिनी आहे. मुलीला मात्र आजच, स्पष्ट शब्दांत सांगा, की यात तिची काहीही चूक नाही, आणि मैत्रिणींना काय कळवायचे ते तिलाच ठरवू द्या.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे, बारावीत शिकतो आणि पदवीसाठी अमेरिकेत जायचे आहे. शिवडीच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे फोटो मी नियमित टाकतो. पण तेरा-चौदा वर्षांचा असताना मी काही मीम शेअर केले होते, त्यांत एका समाजाची टिंगल होती. माझ्या वर्गातला एक मित्र त्या समाजाचा आहे. सगळी खाती उडवून टाकू का?
– एक विद्यार्थी, विलेपार्ले

उत्तर : उडवू नकोस. जून २०२५ पासून अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितले जाते, आणि अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावे द्यावी लागतात. खाते बंद केले तरी ते वापरले होते हे खरेच राहते, आणि अर्जात ते लपवणे हे जुन्या मीमपेक्षा जास्त महागात पडू शकते. आपला गट खासगी होता या समजुतीवरही राहू नकोस. २०१७ मध्ये हार्वर्डने किमान दहा विद्यार्थ्यांना दिलेला प्रवेश मागे घेतला, तेव्हा त्यांची मीम फेसबुकवरच्या एका खासगी गटातच होती.

ती मीम मात्र काढून टाक. स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करण्यात लपवाछपवी नाही. कोणी विचारलेच, तर तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, ते चुकीचे होते आणि मला ते कळल्यावर मी काढले, एवढे खरे उत्तर पुरेसे आहे. ते पाठ करून ठेवू नकोस. शितावरून भाताची परीक्षा करणारे लोक असतातच, म्हणून तुझ्या नावाने शोधणाऱ्याला आणखी शिते सापडू देत. पक्ष्यांच्या प्रत्येक फोटोखाली तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि तू काय पाहिलेस ते दोन ओळींत लिहीत जा. तीन वर्षे नेमाने खाडीवर जाणारा मुलगा त्यातून आपोआप दिसेल.

मीम पाहून तुझ्या त्या मित्राला काय वाटले असेल, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. त्याच्याशी बोल. व्हिसाच्या अर्जाला अजून वेळ आहे. हे बोलणे याच आठवड्यात कर.